सेल्फला पकडते, पण दोन-तीन सेकंदांत बंद पडते: पंप बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: दहा-अकरा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक, नंतर बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. सकाळी सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, दोन-तीन सेकंद चालतं आणि बंद पडतं. पाच-सहा वेळा असं केल्यावर कधीतरी चालू राहतं, मग दिवसभर तक्रार नाही. बॅटरी नवी, प्लग नवे, एअर फिल्टर नवा. आता गॅरेजमध्ये पेट्रोल पंप (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा) बदलायला सांगितलं आहे. बदलावा का?

पंप गेलेला असू शकतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ती शक्यता चांगलीच आहे, कारण खाली येईल. पण प्रेशर आणि पंपापाशी येणारा व्होल्टेज मोजल्याशिवाय पंप बदलू नका. हेच लक्षण कार्बन धरलेल्या थ्रॉटलमुळे (इंजिनात जाणारी हवा सांभाळणारी झडप) येतं, जळक्या रिलेमुळे (विजेवर चालणारा स्विच) येतं, इमोबिलायझरमुळे (चावीची चिप ओळखणारं चोरीविरोधी कुलूप) येतं, आणि उंदराने कुरतडलेल्या एका वायरमुळेही येतं.

इंजिन पकडतं म्हणजे बरंच काही जागेवर आहे. स्टार्टर फिरतो, कॉम्प्रेशन चालण्यापुरतं आहे, टायमिंग फार सरकलेलं नाही, स्पार्क पडतो आणि पहिल्या काही फेऱ्यांपुरतं पेट्रोल आत जातं. त्यामुळे बॅटरी आणि प्लग बदलून फरक पडला नाही यात नवल नाही. शोधायचं ते एवढंच की सेल्फ सोडल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय बदलतं.

चावी स्टार्टवरून ऑनवर येते, म्हणजे विजेचा रस्ता बदलतो. फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) आधी साठलेलं प्रेशर संपतं आणि पुढचं पेट्रोल पंपाला सलग पुरवावं लागतं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सुरुवातीचं जादा पेट्रोल कमी करत जातो आणि आयडलिंगची (पेडल न दाबता चालण्याची) हवा सांभाळायला लागतो. इमोबिलायझर असेल तर चावीची ओळखही याच सुमारास पक्की होते आणि ती पटली नाही तर काही गाड्यांत इंजिन पकडू देऊन एक-दोन सेकंदांनी तोडलं जातं. दोष यांतल्याच एका ठिकाणी असतो. अपवाद आहेत, पण सुरुवात इथूनच करायची.

बंद कशी पडते ते आधी ऐका

हत्यार हातात घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. फुकटच्या आहेत आणि अर्धं काम करतात.

पहिली, बंद पडण्याची पद्धत. चावी काढल्यावर पडते तशी, एका झटक्यात, कसलाही आचका न देता बंद पडत असेल तर वीज तुटते आहे: इग्निशन स्विच, मेन रिले, इमोबिलायझर, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा). आरपीएम खाली जात, आचके देत, मिसिंग मारत बंद पडत असेल तर पेट्रोल किंवा हवेचं गणित चुकतं आहे.

दुसरी, पेडल. पकडल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून १५०० आरपीएमच्या आसपास धरा. पेडलवर इंजिन नीट चालत राहिलं आणि पाय काढताच बसलं, तर बंद थ्रॉटलमधून पुरेशी हवा जात नाही. पंपाकडे जायची गरज नाही. उलट पेडल दाबल्यावर आणखी लवकर मेलं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा सायलेन्सरची वाट तुंबली आहे. पेडलने काडीचाही फरक पडत नसेल तर पुन्हा विजेकडे.

तिसरी, डॅशबोर्ड. चावी ऑनवर फिरवली की चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. ऑनवर तो लागतच नसेल तर ईसीयूला वीज पोचत नाही किंवा बल्ब गेलाय. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून पाहा. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी अडकवलेली असेल तर तीही काढा. दोन चिपा जवळजवळ आल्या की चिप वाचणाऱ्या रिंग अँटेनाचा गोंधळ होतो.

पेट्रोल पुरतंय का

बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांत चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. त्यानंतर क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याचा सिग्नल आला तरच ईसीयू पंपाचा रिले धरून ठेवतो. हे नीट लक्षात घेतलं की एक सोपी परीक्षा मिळते. चावी ऑन, गुणगुण थांबेपर्यंत वाट, चावी ऑफ, दहा सेकंद थांबा. असं तीन-चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली, किंवा थेट चालूच राहिली, तर पंपाचं प्रेशर हळूहळू चढतंय. तुमच्याकडे पाच-सहा प्रयत्नांनी गाडी चालू राहते, हे त्याच्याशी जुळतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण पाच-सहा वेळा पेटलेलं इंजिन थोडं तापतंही आणि तापल्यावर आयडलिंगचा दोषही लपतो.

निकाल गेज देतो. आधी पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. मग बॅटरीची मायनस केबल सोडून, इंजिनच्या बाजूचा क्विक कनेक्टर कापड धरून उघडा आणि मध्ये टी-जोड घालून गेज बसवा. छोट्या गाड्यांच्या रेलवर तपासणीसाठी वेगळा व्हॉल्व्ह सहसा नसतो, म्हणून टी-जोड लागतोच. नळी कापून क्लिप लावायचा जुगाड करू नका; तीन बार दाबाचं पेट्रोल गरम इंजिनावर उडालं तर आग लागायला वेळ लागत नाही. जवळ आग विझवायचं नळकांडं ठेवा आणि काम उघड्यावर करा.

बहुतेक अशा गाड्यांत प्रेशर २.७ ते ३.५ बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. आता वाचन असं घ्या. ऑन केल्यावर दोन सेकंदांत काटा जागेवर आला, इंजिन सुरू झालं, बंद पडलं, आणि बंद पडतानाही काटा हलला नाही: पंप निर्दोष. त्याला हात लावायचा नाही. काटा इंजिनाबरोबर खाली आला तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की, पण पंपच खराब आहे हे अजून नक्की नाही. त्यासाठी त्याच क्षणी पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज लागतो.

मागची सीट उचला. बऱ्याच हॅचबॅकमध्ये खाली गोल झाकण असतं आणि पंपाचा कनेक्टर तिथेच सापडतो. कनेक्टर न काढता मागून पिना घालून मल्टिमीटर लावा, कारण रिकाम्या वायरवर १२ व्होल्ट दिसले तरी लोड पडल्यावर ते टिकतील असं नाही. सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पंप चालू असताना व्होल्टेज बॅटरीपेक्षा फार तर अर्धा-एक व्होल्ट कमी हवा. अर्थच्या बाजूने पंपाची काळी वायर आणि बॅटरीचं मायनस यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. बॉडीवरचा तो बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळा. व्होल्टेज पूर्ण असूनही प्रेशर पडतंय तर दोष टाकीत: पंपाची मोटर झिजली, खालची जाळी गाळाने भरली, रेग्युलेटर गळतोय किंवा असेंब्लीतला छोटा पाइप फाटलाय. यातला शेवटचा दोष फार फसवतो. पंप उत्तम चालतो, आवाजही छान येतो, पण निम्मं पेट्रोल टाकीतच परत पडतं. असेंब्ली बाहेर काढल्यावर नुसता पंप बदलून परत बसवू नका, तो पाइप वाकवून बघा.

व्होल्टेजच गायब होत असेल तर नवा पंपही तसाच बंद पडेल. तेव्हा उलट दिशेने जा: रिले, फ्यूज बॉक्स, मधले सांधे. रिले तपासायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्या शेजारचा तसाच रिले, बहुधा हॉर्नचा, काढून तिथे बसवणं. पायांची रचना आणि वरचा नंबर सारखा असेल तरच. नंतर बसवलेली सेंट्रल लॉकिंग, चोरीविरोधी अलार्म, जीपीएस ट्रॅकर यांची इंजिन तोडणारी वायर पुष्कळदा पंपाच्याच लाइनमध्ये घुसवलेली असते आणि तिचा सांधा नुसता पिळून टेप गुंडाळलेला असतो. मी तपासताना कंपनीच्या हार्नेसवर संशय घ्यायच्या आधी असे उपरे सांधे शोधतो.

सीएनजीवाल्या गाडीची वेगळी दुखणी

पेट्रोल पंप टाकीत बुडालेला असतो तो थंड राहण्यासाठीही. सीएनजीवर चालवणारे टाकीत कायम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवतात. सिक्वेन्शियल किटमध्ये सुरुवात बहुतेक वेळा पेट्रोलवर होते, शिवाय काही किटमध्ये गॅसवर असतानाही पंप आतल्या आत फिरत राहतो. उघडा पडलेला पंप तापतो, झिजतो, आणि तळाचा गाळ ओढतो. म्हणून गॅरेजवाल्याचा अंदाज अगदीच हवेतला नाही. टाकी किमान पाव भरलेली ठेवणं आणि आठवड्यातून एखादी फेरी पेट्रोलवर मारणं हे पंपापेक्षा स्वस्त पडतं. महिनोन्महिने न वापरलेलं पेट्रोल चिकट होतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी बसतं, तेही या फेरीने टळतं.

दुसरं दुखणं किटच्या वायरिंगचं. गॅसवर जाताना किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरांचा सिग्नल मधेच अडवतो. त्यातला रिले चिकटला किंवा ओलाव्याने बिघडला, तर इंजिन पेट्रोलवर पकडतं आणि लगेच इंजेक्टरांचा सिग्नल तुटतो. किंवा रिड्युसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) थंड असतानाच गॅसवर बदल होतो आणि गाडी बसते. ओळखायला सोपं आहे: स्विच सक्तीने पेट्रोलवर ठेवून सुरू करा. फरक पडला नाही तर किटचा फ्यूज काढून पुन्हा सुरू करा. बहुतेक किटमध्ये वीज काढली की पेट्रोलचा रस्ता सरळ जोडला जातो. फ्यूज काढल्यावर गाडी ठणठणीत चालली, तर पंपाचा विचार सोडा आणि किटवाल्याकडे जा. सिलिंडरकडून येणारी जाडी नळी स्वतः सोडू नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा गॅस असतो.

टाकीत पाणी

पावसाळ्यात ही शक्यता वर सरकते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ई२० मध्ये त्याचं प्रमाण २० टक्के. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, म्हणून जुन्या पेट्रोलसारखे पाण्याचे थेंब वेगळे दिसत नाहीत. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लाइनमध्ये उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर पकडते आणि तळाचा थर आत आला की मरते.

टाकीच्या तळातून २०० मिलिलिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. गढूळपणा किंवा खाली वेगळा थर दिसला तर पूर्ण टाकी रिकामी करून धुवा. वरून आणखी पेट्रोल भरून ते पातळ करू नका. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे पाहायचं असेल तर १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० पेट्रोल आणि ५० पाणी घालून हलवा. पाण्याचा थर ६० च्या आसपास गेला तर ते ई२० आहे. गाडी बंद पडण्याशी या दुसऱ्या परीक्षेचा थेट संबंध नाही, पण पंपावर भांडायला जाण्याआधी हातात काहीतरी असलेलं बरं.

पेडलवर चालते, सोडली की बसते

पेट्रोल गाडीत या लक्षणाचा पहिला संशयित थ्रॉटल बॉडी. इंजिनच्या वाफा आणि तेलाची धूळ पाकळीच्या कडेला काळा थर धरते. थंड इंजिनाला जास्त हवा लागते आणि तीच वाट अरुंद झालेली असते, त्यामुळे दोष सकाळी दिसतो आणि गाडी तापली की नाहीसा होतो. तुमच्या वर्णनाशी हेही जुळतं, म्हणूनच वरची पेडलची परीक्षा आधी करा.

साफ करताना चावी काढून बॅटरीचं मायनस सोडा. हवेचा पाइप काढा, थ्रॉटल क्लीनर मऊ कापडावर घ्या आणि कडा पुसा. पाकळीच्या कडेला काही गाड्यांत कंपनीचं राखाडी आवरण असतं, ते कार्बन समजून खरवडू नका. केबलवाल्या थ्रॉटलची पाकळी हाताने उघडायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी जोर लावून फिरवली तर आतले प्लास्टिकचे दात तुटू शकतात आणि चावी ऑन असेल तर बोटही सापडतं. थांब्याचा स्क्रू अजिबात फिरवायचा नाही. केबलवाल्या गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा निघतो. त्याची सुई आणि तिची बैठक पुसा, पण क्लीनरने मोटर भिजवू नका.

साफसफाईनंतर गाडी उलट जास्त रेस मारते किंवा पुन्हा बसते, आणि लोक घाबरतात. ईसीयूने कार्बनसकटची पाकळी शिकून ठेवलेली असते. काही गाड्या दहा मिनिटं आयडलिंगवर, एसी बंद ठेवून, स्वतः शिकतात. काहींना स्कॅनरवरून रिलर्न द्यावं लागतं.

हवा कमी पडते तशी चोरवाटेने जास्तही शिरते, आणि इथे गाडीत कोणता सेन्सर आहे यावर सगळं अवलंबून आहे. फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपवर मास एअर फ्लो सेन्सर असेल, तर त्याच्या पुढे फाटलेल्या पाइपातून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं आणि गाडी बसते. एअर फिल्टर नुकताच बदललाय आणि तेव्हापासून त्रास आहे असं कोणी सांगितलं की मी आधी त्या पाइपची क्लॅम्प बघतो. फ्लो सेन्सरचा कनेक्टर काढून सुरू करा: ईसीयू ठरावीक अंदाजावर चालतो, आणि गाडी तशी टिकली तर दोष सेन्सरमध्ये किंवा पाइपात. याउलट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा नेणारी नळी) मॅप सेन्सर (तिथला हवेचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या या प्रकारच्या आहेत, व्हॅक्यूम गळतीने आयडलिंग सहसा वर जातं. तिथे गळतीच्या मागे लागून दिवस घालवू नका. ब्रेक बूस्टरची नळी आणि इंजिनच्या वाफा नेणारी पीसीव्ही नळी चिमट्याने दाबून बघा आणि पुढे चला.

मॅप सेन्सरचे आकडे वाचताना गाव लक्षात घ्या. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. तापलेल्या निरोगी इंजिनात आयडलिंगला तो ३० ते ४० असतो. व्हॅक्यूम गेज वापरत असाल तर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) धरा आणि दर ३०० मीटर चढणीला साधारण एक इंच वजा करा. पुण्यातल्या १६ इंचांना आजार समजू नका.

कार्बन कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा) पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर पेट्रोल भरून निघाल्याबरोबर गाडी बसते. त्याची मॅनिफोल्डकडची नळी तात्पुरती बंद करून पाहा. ईजीआर व्हॉल्व्ह (धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी आयडलिंग टिकत नाही, पण रेस दिल्यावर गाडी बरी चालते.

थंड-गरमचा फरक आणि सेन्सर

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्कॅनर लावा आणि चावी फक्त ऑन करा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. नाशिकच्या हिवाळी सकाळी हवा १२ अंश आणि कूलंट ७० दाखवत असेल तर ईसीयू थंड इंजिनाला गरम समजून पेट्रोल कमी देतोय. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय. बहुतेक कूलंट सेन्सर २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतात, तेव्हा गरम पाण्याच्या भांड्यात धरून मल्टिमीटरवर तपासता येतो. सेन्सर स्वस्त आहे, तरी मोजूनच बदला.

जास्त पेट्रोल जाऊन प्लग ओले होत असतील तर पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात.

क्रँक सेन्सरचा दोष सहसा उलटा वागतो: थंड असताना नीट, तापल्यावर झटक्यात बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. स्कॅनरवर आरपीएमचा आकडा इंजिन अजून फिरत असतानाच शून्यावर पडला तर तोच. ईसीयूत त्याचा दोष-कोड पी०३३५ साठला असेल तर उत्तम, पण नसला म्हणून तो सुटला असं नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. तो पंपामुळेही येतो आणि गळतीमुळेही, त्यामुळे कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

इग्निशन स्विचची परीक्षा राहिली. सेल्फ सोडताच बंद पडते, पण चावी स्टार्ट आणि ऑन यांच्या मध्ये धरली की चालते, असं असेल तर स्विचचे आतले पॉइंट जळलेत. जुन्या सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटवाल्या गाड्यांत हेच लक्षण बॅलास्ट रेझिस्टर तुटल्याने येतं: सेल्फच्या वेळी कॉइलला थेट वीज मिळते, नंतर ती रेझिस्टरमधून जाते.

सायलेन्सर तुंबला असेल तर

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा डबा) आतली जाळी वितळून आडवी पडली की इंजिन पकडतं, पाच-दहा सेकंद दबत दबत चालतं आणि गुदमरून मरतं. पेडल दाबूनही रेस चढत नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून वाट मोकळी करा. खूप आवाज होईल, पण गाडी टिकली तर निदान झालं. गेज लावलात तर आयडलिंगला ०.१ बार आणि २५०० आरपीएमला ०.२ बारपेक्षा जास्त दाब नको. कन्व्हर्टर आपोआप वितळत नाही. आधी कुठेतरी मिसफायर झालेला असतो किंवा इंजिन तेल खात असतं. ते दुरुस्त केल्याशिवाय नवा बसवू नका.

डिझेल आणि ट्रॅक्टर

डिझेलमध्ये हे लक्षण बहुतेक वेळा हवेचं असतं. फिल्टर आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन पकडतं, मग एअर येते आणि बसतं. गंमत अशी की टाकी आणि फीड पंप यांच्यामधली गळती बाहेर ठिबकत नाही. तिथे ओढ असते, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फिल्टरच्या आधी फूटभर पारदर्शक नळी घाला, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. मग पाच लिटरच्या कॅनमधून, तो इंजिनपेक्षा उंच ठेवून, थेट डिझेल द्या. कॅनवर ट्रॅक्टर नीट चालला तर दोष टाकीत, तिच्या जाळीत, झाकणाच्या हवेच्या भोकात किंवा पाइपात.

जुन्या ट्रॅक्टरची एअर काढताना हात-पंपाने आधी फिल्टरचा स्क्रू, मग इंजेक्शन पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत इंजेक्टरचे नट, याच क्रमाने. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) मात्र इंजेक्टरचे नट सोडायचे नाहीत. तिथल्या रेलमध्ये शेकडो बारचा दाब असतो आणि बारीक धार कातडीतून आत घुसते. त्यात फिल्टरमधलं पाणी काढा, प्राइमर दाबा आणि बाकी स्कॅनरवर रेल प्रेशर बघा.

स्टॉप सोलेनॉइडवाल्या (विजेने डिझेल चालू-बंद करणाऱ्या) इंजिनात सेल्फ सोडताच बंद पडत असेल तर त्याची धरून ठेवणारी कॉइल तपासा. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिल्यावर इंजिन चालू राहिलं तर सोलेनॉइड ठीक, वायर किंवा स्विच खराब. सोलेनॉइड टिकलाच नाही तर तो बदला.

तुमच्या गाडीपुरता क्रम

उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, किटचा फ्यूज काढून पहिला सेल्फ मारा. त्याने काही झालं नाही तर पेडलची परीक्षा, मग चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून (म्हणजे प्राइम करून) सेल्फ. पेडलने वाचली तर थ्रॉटल साफ करून घ्या. प्राइमने वाचली तर गेज आणि मल्टिमीटर एकाच वेळी लावायला सांगा आणि आकडे स्वतः बघा. व्होल्टेज पूर्ण आणि प्रेशर २.५ बारच्या खाली घसरत असेल तर पंप बदला. सोबत जाळी आणि असेंब्लीचा रबर ओ-रिंग नवा घ्या, टाकीचा तळ पुसून घ्या. जुन्या कनेक्टरच्या पिना काळवंडल्या किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर तोही बदला, नाहीतर नव्या पंपालाही तोच कमी व्होल्टेज मिळेल. बसवल्यावर गेज काढण्याआधी इंजिन दहा मिनिटं चालवा, चार-पाच वेळा जोरात रेस द्या आणि काटा खाली झुकत नाही ना ते बघा.